अण्णांच्या गाडीची उंची

माझ्या सासरी ‘नाही’ हा शब्द तोंडावर म्हणायची पद्धत नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं तेव्हा सासूबाई अण्णांना त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी खिरीची वाटी बदलली. दर सणाला वाटी जराशी लहान होत गेली आणि अण्णा शेवटी नैवेद्याच्या वाटीतून खीर खायला लागले. टीव्हीचा आवाज भिंती हलवायला लागला तेव्हाही त्यांच्या कानांचा विषय निघाला नाही, फक्त त्यांची खुर्ची टीव्हीजवळ सरकली. मी नागपूरची. आमच्याकडे माणूस चुकला तर त्याला अंगणात उभं करून शेजाऱ्यांसकट सगळे सुनावतात. त्यामुळे लग्न होऊन बंगळुरूला आल्यावर ही रीत कळायला मला वेळ लागला, आणि कळली तेव्हा ती पटली नाही. तरी पुढे तीच अंगवळणी पडली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसं.

हे घराणं कैक पिढ्यांपासून इकडचंच. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत फिरलेच नाहीत. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकी मिसळलेली की पहिल्या वर्षी मी जेवताना नुसती मान डोलवायचे. येलहंक्याला अण्णांनी नोकरीत असताना बांधलेलं घर आहे. पुढे फाटक, आत चार झाडं, आणि पोर्चमध्ये अण्णांची मोटरसायकल.

साडेतीनशे सीसीची, मरून रंगाची, टाकीवर सोनेरी पट्टा. सीट लांब आणि मऊ, मडगार्डं क्रोमची. त्या मडगार्डात अण्णा सकाळी स्वतःचा भांग बघून घ्यायचे असं माझा नवरा चेष्टेनं सांगतो, पण मी ते प्रत्यक्ष पाहिलं आहे. रोज सकाळी अंघोळ झाली की ते गाडी बाहेर काढत, बाजारातून फुलं घेत, मग दर्शिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात, उभ्यानं कॉफी पीत मित्रांबरोबर सरकारला शिव्या घालत आणि नाश्त्याच्या वेळेला घरी येत. निवृत्तीनंतर त्यांच्या दिवसाला आकार होता तो एवढाच.

माझं आणि त्यांचं जमलं ते या गाडीमुळे. मी कॉलेजात वडिलांची मोटरसायकल चालवायचे हे त्यांना सोयरिकीच्या वेळी कळलं होतं. नवऱ्याला गाडीची अजिबात आवड नाही. तो ऑफिसच्या कॅबमध्ये बसून व्हाइटफील्डला जातो आणि दोन्ही वेळा झोपतो. तेव्हा घरात आलेल्या सुनेला क्लच प्लेट म्हणजे काय हे ठाऊक आहे याचं अण्णांना फार अप्रूप वाटलं. ते मला गाडी द्यायचे, मी आणली की चाकांवरची धूळ बघून कुठे कुठे गेले होते ते ओळखायचे. सासरी मला करमलं ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

मागच्या वर्षापासून गाडी त्यांच्या हाती राहिना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डावा हात कापायचा. रेल्वे फाटकापाशी थांबले असताना गाडी कलली, ती त्यांना सावरली नाही, आणि लोकांनी दोघांना उचललं. नंतर एकदा संध्याकाळी स्पीड ब्रेकर दिसला नाही. त्या दिवशी ते शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढून घरी आले आणि उकडत असूनही त्यांनी त्या वर केल्या नाहीत. हे दोन्ही प्रसंग आम्हाला बाहेरून कळले. तिसऱ्या वेळी मी मागे बसले होते. चौकात लाल दिवा लागलेला त्यांनी पाहिला, ब्रेक दाबला, पण पाय खाली टेकायला उशीर झाला. गाडी झुकली, शेजारच्या टेम्पोचं चाक माझ्या गुडघ्याला घासून गेलं. मी पाय टेकून गाडी कशीबशी धरली. अण्णा मागे न बघता म्हणाले, सिग्नलवाले हल्ली लवकर लाल करतात. मी हो म्हटलं.

त्यानंतर घरात रोज एकच चर्चा, अण्णा घरात नसताना. त्यांनी गाडी सोडली पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं. सांगायचं कुणी, यावर गाडी अडायची. नवरा म्हणायचा, तू सांग, ते तुझं ऐकतात. मी म्हणायचे, तुझे वडील आहेत, तू सांग. तो म्हणायचा, पाहू. या ‘पाहू’वर माझं डोकं फिरायचं. माणूस रस्त्यावर पडायची वाट पाहू की काय, असं मी त्याला विचारलंही. पण खरं सांगायचं तर मलाही ते सांगायचं नव्हतं. ज्यानं परक्या शहरात मला हात दिला त्याला ‘आता तुम्हाला जमत नाही’ असं म्हणायला जीभ रेटेना.

तोडगा काढला सासूबाईंनी. माझ्या ऑफिसमधल्या काही बायका सुट्टीच्या दिवशी दोड्डबळ्ळापूरच्या पलीकडे मातीच्या वाटांवर, निलगिरीच्या राईंतून गाड्या घालायच्या. मलाही त्या नादाची गोडी लागली होती आणि मी मोबाइलवर सतत स्क्रॅम्बलर गाड्यांचे व्हिडिओ बघायचे. साध्या रस्त्यावरच्या मोटरसायकलची उंची वाढवायची, जाड रबरी गुट्ट्यांचे टायर घालायचे, सायलेन्सर वर चढवायचा आणि ती खडकांवर न्यायची, असला तो प्रकार. सासूबाई भाजी निवडता निवडता माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, या गाड्या एवढ्या उंच का? मी सांगितलं, दगडाला इंजिन घासू नये म्हणून. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं.

“एवढ्या उंच गाडीवर म्हातारं माणूस चढतंय काय गं?”

चढत नाही, मी म्हटलं. मग त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. वाटी लहान करायची, तशी गाडी उंच करायची. नवऱ्याला तर ही कल्पना इतकी आवडली की त्यानं त्याच दिवशी गॅरेज शोधून दिलं. कुणी काही सांगायला नको, कुणाचा अपमान नको, मला हवी तशी गाडी मिळणार आणि अण्णांचं चालवणं आपोआप बंद होणार. एका दगडात इतके पक्षी मरताना पाहून मलाही हुरूप आला.

अण्णांना विचारायचं काम अर्थात माझं. मी गाडी धुताना त्यांना सांगितलं की मला मातीत चालवायला गाडी हवी आहे, नवी घेण्यापेक्षा हीच तशी करून घेऊ का. मी त्यांना व्हिडिओही दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले.

“तुला पाहिजे काय खरंच?” त्यांनी विचारलं.

“पाहिजे, अण्णा.”

हे खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, आणि मी त्या अर्ध्यावर उभी राहिले. ते म्हणाले, “मग कर मा. मी स्वल्प सकाळचं तेवढं बाजारला नेतो, बाकी तूच वापर.” मी मान हलवली आणि फडका पिळायला वळले.

गॅरेज जे. पी. नगरला, म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. मेकॅनिक माझ्याच वयाचा, अंगभर टॅटू, आणि गप्पांत कुणाला हार न जाणारा. पहिल्या भेटीत त्यानं बनवलेल्या सगळ्या गाड्यांचे फोटो दाखवले आणि प्रत्येक गाडीचा मालक रडला म्हणून सांगितलं. आनंदानं की कशानं ते मी विचारलं नाही. काम कधी होईल यावर त्याचं उत्तर ‘मंडे’ हे असायचं, फक्त कुठला ते ठरलेलं नसायचं. पण त्याचा हात चांगला होता. आमचं बोलणं हिंदी, कन्नड आणि हातवाऱ्यांत चालायचं.

पहिल्याच दिवशी त्यानं मला भिंतीला टेकून उभं केलं आणि टेपनं पायाची आतली लांबी मोजली. मी उंच आहे. अण्णा माझ्या खांद्याला येतात. तो म्हणाला, तुमचे चवडे टेकतील एवढी सीट उंच ठेवतो. मग त्यानं विचारलं की गाडी आणखी कोणी चालवणार आहे का. तसं असेल तर तो मधली उंची धरणार होता.

“नाही,” मी म्हटलं. “फक्त मी.”

मग मी दर शनिवारी तिकडे जायला लागले. मला ते काम आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या फोर्कच्या नळ्या बदलून दुसऱ्या गाडीच्या लांब नळ्या बसवल्या, मागे लांब शॉकअब्सॉर्बर लावले. पुढचं चाक मोठं आलं. सायलेन्सर इंजिनाखालून काढून उजव्या अंगानं वर नेला, आणि पायाला चटका बसू नये म्हणून त्यावर भोकाभोकांचा पत्रा ठोकला. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्र्याची थाळी आली. हँडल रुंद झालं, हेडलाइटवर जाळी बसली. लांब सीटची जागा आखूड, सपाट सीटनं घ्यायची होती, त्यासाठी चासीची मागची शेपटी कापावी लागली. ग्राइंडर लागला तेव्हा ठिणग्या पार माझ्या बुटांपर्यंत आल्या. कापलेला तुकडा जमिनीवर पडला तेव्हा मेकॅनिकनं अभिनंदन केल्यासारखा हात पुढे केला. मीही हातात हात दिला.

अण्णा एकदा माझ्याबरोबर आले. त्यांनी आदल्या दिवशीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता, दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं असावं तसा. गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर उघडी उभी होती आणि तिची टाकी कोपऱ्यात टायरांवर ठेवलेली. अण्णा आधी टाकीपाशी गेले. तिच्यावर ग्रीसचे ठसे होते, ते त्यांनी रुमालानं पुसले. ही परत बसणार ना, असं त्यांनी विचारलं. मेकॅनिकनं सांगितलं की स्क्रॅम्बलरला टाकी बारीक लागते, ही बसणार नाही. या गॅरेजची रीत अशी की निघालेला जुना माल मालक नेत नाही, तो कामाच्या हिशेबात गॅरेजकडेच राहतो आणि तिथून शिवाजीनगरच्या गुजरीत, भंगार बाजारात, जातो. हे मला आधीच सांगितलेलं होतं, मी मानही डोलावली होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरी ठेवून तरी काय करायची अण्णा, गंजेल.

“सरी,” म्हणजे ‘बरं’, असं ते म्हणाले आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवला. परतताना कॅबमध्ये ते खिडकीला डोकं टेकून बसले. मी समजले की प्रवासानं दमले.

गाडी गॅरेजमध्ये होती तोवर घरात शांतता होती. अण्णा चालत बाजारात जायचे, परत येताना रिक्षा करायचे. दर्शिनीतली कॉफी सुटली नव्हती. सासूबाईंचा रक्तदाबही खाली आला. एकदा मला तिखट पुरी तळून देताना त्या म्हणाल्या, बघ, न दुखवता होतंय की नाही सगळं. मला त्यांचं कौतुक वाटलं. माझ्या माहेरी याच गोष्टीवरून भांडण, रडारड, चार दिवसांचा अबोला आणि मामांची मध्यस्थी असं सगळं झालं असतं. आमचे अण्णा मात्र दर शनिवारी संध्याकाळी गाडी कुठवर आली ते विचारत आणि मी फोटो दाखवत असे. फोटो बघताना ते चष्मा वर करून मोबाइल अगदी नाकाशी नेत.

दसऱ्याच्या आधी गाडी तयार झाली. ती घरी आणण्यापूर्वी मी एकटी तिला दोड्डबळ्ळापूरकडे घेऊन गेले. कोरड्या तळ्याच्या पोटातून, मग बंद पडलेल्या दगडखाणीच्या वाटेनं. जुनी गाडी असती तर तिथं मडगार्ड हातात आलं असतं. ही नुसती उसळत गेली. फूटरेस्टवर उभं राहून, गुडघ्यांत टाकी धरून मी चढ चढले आणि वर पोचल्यावर हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं हसले. वयाला न शोभणारा आनंद झाला मला. घरी आणून पोर्चमध्ये लावली तेव्हा अण्णा बाहेर आले, तिच्याभोवती फिरले. सीट त्यांच्या कमरेच्या वर येत होती. त्यांनी सीटवर हात ठेवला, पाय उचलून पाहिला, आणि परत खाली ठेवला. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. मला वाटलं, झालं काम.

इथं आम्ही सगळे एक गोष्ट विसरलो. विसरायला नको होती, कारण ती दर वर्षी याच पोर्चमध्ये होते.

बंगळुरूत आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गाड्यांची पूजा होते. बससुद्धा केळीचे खांब बांधून फिरतात. आमच्याकडे नवऱ्याची लॅपटॉपची बॅग, सासूबाईंची विळी, माझा पान्यांचा डबा, सगळ्याला हळदकुंकू लागतं, पण मान मोटरसायकलचा. तिला शेवंतीचे हार घालतात, कोहळा फोडतात, आणि चाकांखाली लिंबं ठेवतात. मग घरातल्या मोठ्या माणसानं गाडी त्या लिंबांवरून पुढे न्यायची. लिंबं फुटली की पूजा संपली, चुरमुरे-फुटाण्यांची कडलेपुरी वाटायला घ्यायची. हे काम गेली कित्येक वर्षं अण्णा करत आले. गाडी कुणाची, तर त्यांची. मोठं कोण, तर तेच.

त्या सकाळी अण्णांनी नवं धोतर नेसलं होतं. समोरच्या घरातली माणसं आमची पूजा बघायला फाटकाशी आलेली. आरती झाली, कोहळा फुटला, आणि अण्णांनी धोतराचा काचा मारला. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आरतीच्या तबकात पाहिलं. अण्णांनी मला गाडी कट्ट्याला लावून धरायला सांगितली. पोर्चला लागून दोन पायऱ्यांचा कट्टा आहे, त्यावर संध्याकाळी सासूबाई बसतात. अण्णा त्या कट्ट्यावर चढले, तिथून पाय टाकला, आणि घोड्यावर बसावं तसे आरामात सीटवर जाऊन बसले.

मी हँडल धरून उभी. हातातली गाडी सोडायची की नाही हा प्रश्न होता, आणि तो सोडवायला मला अण्णा एकदा मागे वळून बघतील तेवढाच वेळ होता. सणाचा दिवस, शेजारी उभे, अण्णांच्या कपाळावर ताजं कुंकू. मी म्हटलं, अण्णा, मी नेते ना यंदा. ते म्हणाले, पुढच्या वर्षी ने. मी हात सोडला.

लिंबं फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एरवी अण्णा फाटकाबाहेर पडले की पाय टेकून थांबतात. यंदा ते थांबले नाहीत. गाडी रस्त्यावर गेली, डावीकडे वळली आणि पार्काच्या कडेनं दिसेनाशी झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, वा, नव्या गाडीवर एक चक्कर मारतायत. नवऱ्यानं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

ते पार्काला फेरी घालून आले तेव्हा चेहरा सरळ समोर, हार वाऱ्यावर उडतोय. नवरा ओरडला, अण्णा, इकडे बघा. ते न बघताच पुढे गेले. दुसऱ्या फेरीला मी फाटकाबाहेर येऊन थांबले होते. गाडी आमच्यासमोर हळू झाली, अगदी हळू, आणि मला अण्णांचा डावा पाय दिसला. तो फूटरेस्टवरून सुटला, खाली आला, अंगठा ताणून रस्ता शोधायला लागला. रस्ता पायाला लागेना. गाडी डगमगली. पाय घाईनं परत वर गेला, अण्णांनी रेस दिली आणि ते पुन्हा पार्काकडे वळले.

तेव्हा मला कळलं की ते चक्कर मारत नाहीत. त्यांना थांबता येत नाही.

चढायला कट्टा होता, उतरायला नव्हता. कट्ट्यापाशी येऊन थांबायचं तर पूजेसाठी बांधलेल्या केळीच्या खांबांमधून अरुंद फाटकात गाडी वळवायला हवी होती, आणि ते त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. म्हातारं माणूस चढू नये म्हणून गाडी उंच केली. चढलंच तर उतरणार कसं हा विचार आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता. आणि ते तिथं, नव्या धोतरात, हार घातलेल्या गाडीवर, लोकांच्या टाळ्यांत, आमच्याकडे मदत न मागता गोल गोल फिरत होते. मला इतका राग कधी आला नव्हता. नवऱ्याचा आला, सासूबाईंचा आला, त्या मेकॅनिकचा आला. भिंतीला टेकून ‘फक्त मी’ म्हणणाऱ्या बाईचा सगळ्यांत जास्त आला.

मी नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून कट्ट्यावर टाकला आणि त्याला रस्त्यात ओढलं. तू उजवीकडून धर, मी डावीकडून, एवढंच सांगितलं. त्याला काही कळलं नव्हतं, पण माझं तोंड बघून तो उभा राहिला. अण्णा पार्काच्या कोपऱ्यावरून आले. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभी. त्यांनी वेग कमी केला. गाडी कलायला लागली तशी मी हँडलला आणि टाकीला अंग लावलं, नवऱ्यानं मागून सीट पकडली. इंजिन एक आचका देऊन बंद पडलं. अण्णांचे दोन्ही पाय हवेत लोंबत होते आणि डावा हात क्लचवर नुसता थरथरत होता.

त्यांना उतरवायला वेळ लागला. गुडघा वळेना, पाय सीटवरून येईना. मी खाली वाकून त्यांचा पाय घोट्याला धरला, उचलला आणि सीटच्या पलीकडून काढला. धोतर सायलेन्सरच्या पत्र्यात अडकलं होतं, ते सोडवलं. समोरच्या घरची मंडळी कडलेपुरीचे द्रोण हातात घेऊन हळूहळू आत गेली. नवरा गाडी ढकलत पोर्चमध्ये घेऊन गेला. अण्णा माझ्या खांद्यावर भार देऊन कट्ट्यापर्यंत आले आणि बसले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं. त्यांचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते. त्या तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मी अण्णांच्या समोर जमिनीवर उकिडवी बसले. आजवर ज्या वाक्यासाठी अख्खं घर एकमेकांकडे बोटं दाखवत होतं ते मी म्हटलं.

“अण्णा, यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही. तुम्हाला आता ती आवरत नाही. तुम्ही पडाल, आणि मला ते सोसणार नाही.”

म्हणताना मला रडू आलं, ते मी थांबवलं नाही. मला वाटलं आता अण्णा चिडतील, उठून आत जातील, जेवणार नाहीत. त्यांनी पाणी संपवलं. भांडं खाली ठेवलं.

“सरी,” ते म्हणाले.

एवढंच. आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखं नव्हतं. बाजारातून काय आणायचं ते सांगितल्यावर म्हणतात तसं. सासूबाईंनी तांब्या कट्ट्यावर टेकवला. अण्णा पोर्चमधल्या गाडीकडे बघत होते. तिच्या आखूड सीटकडे, बारीक टाकीकडे, टायरच्या गुट्ट्यांत चिकटलेल्या लिंबाच्या सालीकडे. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“हेच आधी सांगितली असतीस तर मी सोडलो असतो की मा,” ते म्हणाले. “गाडी तरी होती तशी राहिली असती.”